पेटी नंबर चारचा कुलूपवाला

मी एक ड्रायव्हर बोलतोय. जीपचा नव्हे. त्या बिचाऱ्याच्या हातात निदान स्टिअरिंग तरी असतं. मला हात नाहीत, पाय नाहीत, तोंड नाही, तरी बोलतोय; आता बोलूच लागलो आहे तर ऐकून घ्या. मी म्हणजे सतराशे ओळींचा मजकूर. एका यंत्राच्या पोटात राहतो. तिथं मी नेमकं काय करतो, हे परवापरवापर्यंत मला पक्कं ठाऊक होतं. आता विचाराल तर डोकं खाजवावं लागेल, आणि डोकंही नाही.

पण आधी घरदार सांगतो.

सेनगावच्या अलीकडे एक तांडा आहे. तांड्याखाली कयाधू नदी, नदीवर छोटा पूल आणि पुलाच्या कठड्याला एक करड्या रंगाची पेटी. वर हातभर सोलरची पाटी, आत बॅटरी, एक छोटा संगणक आणि तुरीच्या डाळीएवढी एक काळी चिप. पेटी दर तासाला पाणी मोजते आणि खालच्या गावांतल्या लोकांच्या मोबाईलवर निरोप धाडते. अशा बारा पेट्या नदीकाठानं आहेत. ही चौथी.

निरोप उघडा धाडला तर कुणीही टवाळखोर मधेच खोटा निरोप घुसवील आणि अख्खं गाव उगाच पळत सुटेल. म्हणून पेटीतून निघायच्या आधी निरोपाला कुलूप लागतं. ते आकड्यांचं असतं. कुलूप लावायची अक्कल त्या काळ्या चिपला आहे, पण चिप जन्माची घुमी. तिच्याशी बोलायला, तिला "हे घे, बंद कर, झालं का सांग" म्हणायला मी लागतो. एका सेकंदात मी लाख कुलुपं लावतो. बरं, लाख राहू द्या, पन्नास हजार. चिप ऐकतेय, म्हणून सांगतो, वीस हजार.

यंत्राच्या पोटात जो सगळ्यांना कामं वाटून देतो त्याला कर्नेल म्हणतात. मी त्याच्या वाड्यावरचा गडी. माझ्यासारखे हजारो गडी आहेत तिथं, आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याची काळजी वाहणाऱ्या माणसाचं नाव लिहिलेलं असतं. माझ्यापुढे नाव आहे दिपाचं.

दिपा राठोड त्याच तांड्यातली. नांदेडला शिकताना तिनं मला लिहिलं, पुढं पुण्याला नोकरी केली, आणि आता घरूनच काम करते. तिचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. दिपा सेवालाल महाराजांच्या मंदिराच्या ओट्यावर बसून सगळ्या जगाला पत्रं धाडते, कारण तांड्यात इंटरनेटची रेंज फक्त त्या ओट्यावर येते. पोटासाठी ती कुण्या कंपनीचं काम करते. मला मात्र फुकट सांभाळते. का सांभाळते, हे तिच्या आईला, रूपाबाईला, आजवर समजलेलं नाही. मलाही नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. यंत्र सुरू झालं की, आणि आमची पेटी रोज पहाटे नव्यानं सुरू होते, कर्नेल प्रत्येक कुलूपवाल्याची परीक्षा घेतो. उत्तर आधीच माहीत असलेला एक प्रश्न विचारतो. बरोबर आलं की काम मिळतं. चुकलं, किंवा वेळेत आलं नाही, तर तो तुम्हाला शिव्या देत नाही, हाकलत नाही. बाजूला बसवतो आणि काम माझ्या चुलतभावाला देतो. या भावाला चिपबिप लागत नाही. तो मुख्य संगणकालाच राबवून हातानं कुलूप लावतो. लावतो पक्कं, पण घाम फार गाळतो. म्हणजे बॅटरी फार पितो.

पहिली काही वर्षं मी रोज पहाटे पास व्हायचो. मग एक दिवस काय झालं कोण जाणे, कर्नेलनं प्रश्न विचारला, मी चिपला दिला आणि चिपच्या उत्तराची वाट पाहत बसलो. ती काही बोललीच नाही. कर्नेल म्हणाला, बस बाजूला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. नाव यादीत आहे, जागा राखून आहे, काम दुसरा करतो, आणि कुणी काही विचारत नाही. मला वाटलं मला बढती मिळाली. साहेब होणं म्हणतात ते हेच असणार. अशी तीन वर्षं मी साहेब म्हणून काढली.

मग यंदाच्या दसऱ्यानंतर ते पत्र आलं.

ज्या टपालयादीवर, म्हणजे सगळ्यांना एकदम जाणाऱ्या ईमेलवर, आम्हा गड्यांचा निवाडा होतो तिथं दूरदेशीच्या एका टापटीप माणसानं लिहिलं होतं. अर्थ असा की हा ड्रायव्हर तीन वर्षांपासून परीक्षेत नापास होतोय. तीन वर्षांत एकाचीही तक्रार नाही. म्हणजे तो कुणी वापरत नाही. म्हणजे काढून टाकावा. दोन आठवड्यांत कुणाची हरकत आली नाही तर काढतो.

माझ्या तर काही ध्यानातच येईना. नापास? मी? आणि तक्रार नाही म्हणजे वापरणारा नाही, हा कुठला हिशेब?

दिपा ओट्यावरून उतरून घरी आली. तिचा मोठा भाऊ संतोष अंगणात सोयाबीनची पोती शिवत होता. बाराही पेट्या पुसायचं, बॅटऱ्या बदलायचं काम त्याच्याकडे आहे. तिनं त्याला सांगितलं की पेटीतला तिचा ड्रायव्हर निघणार बहुतेक, कुणी वापरत नाही म्हणे, तक्रारच नाही.

संतोष सुतळी दातात धरून हसला. "तक्रार न्हाई? त्या मेंढ्यावाल्या ज्ञानबाला सांग हे. तीन सालं झाले, आभाळ आलं की पेटी दोन दिवसांत मरते म्हणून तो मला शिव्या देऊन राहिला."

"तीन सालं?"

"बराबर तीन. मी बॅटरी बदलली, पाटी पुसली. आधी मला वाटलं वानरं तार ओढतेत, म्हणून बाभळीचे काटे बी बांधले. त्या काट्यांनी मीच दोनदा फाटलो."

"भिया, मला काहून न्हाई सांगितलं?"

"बॅटरीचं तुला काय सांगायचं? तू तर कुलपाची."

दिपा लॅपटॉप घेऊन तशीच पुलावर गेली आणि पेटीला तार जोडली. पेटी आपली रोजनिशी ठेवते. तीन वर्षांची सगळी रोजनिशी तिनं काढली. रोज पहाटे एकच ओळ: परीक्षा नापास, काम भावाकडे. हजाराच्या वर ओळी. ती ओळ माझ्याच पोटातून निघत होती म्हणे. शप्पथ, मला आठवत नाही. आणि वाचलं कुणी? कुणीच नाही. माणसं यंत्राला रोजनिशी लिहायला लावतात आणि मग तिच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. लग्नाच्या व्हिडिओसारखं.

मग तिनं माझा इतिहास उघडला. माझ्यात कुणी कधी कोणती ओळ बदलली हे सगळं लिहिलेलं असतं. तीन वर्षांपूर्वी त्याच टापटीप माणसानं माझी झाडलोट केली होती. हेतू वाईट नव्हता. शंभरेक ड्रायव्हर त्यानं एकसारखे नीटनेटके केले, त्यांतला मी एक. त्यात माझ्या दोन ओळी खालीवर झाल्या. आधी मी कान उघडायचो, मग चिपला "कर" म्हणायचो. झाडलोटीनंतर आधी "कर" म्हणू लागलो आणि मग कान उघडू लागलो. चिप तर विजेसारखी. ती "झालं" म्हणून मोकळी व्हायची, आणि माझा कान तेव्हा बंद! मी बसायचो वाट पाहत. ती मुकी झाली नव्हती हो. मी बहिरा झालो होतो. साहेबपण कसलं नि काय.

त्या माणसाकडे ही चिप नव्हती. नुसता मजकूर बरोबर जुळतो का एवढं त्यानं पाहिलं, आणि तसं प्रामाणिकपणे लिहूनही ठेवलं. पण त्याच्याखाली आणखी एक ओळ होती. माझ्या सांभाळणाऱ्या माणसाची. पाहिलं, हरकत नाही. सही, दिपा राठोड.

तारीख तिच्या बहिणीच्या, मिनाच्या लग्नाच्या आठवड्यातली. हळदीच्या हातानं मोबाईलवर वाचून तिनं होकार टाकला होता.

दिपा पुलाच्या कठड्याला टेकून किती वेळ बसली, मला सांगता येत नाही. पेटीत वेळ मोजणारा वेगळा आहे. आई, रूपाबाई, शोधत आली तेव्हा दिपा म्हणाली, "याडी, ज्ञानबामामाच्या मेंढ्या माझ्यामुळं गेल्या."

आता हे मला नवीन होतं. बोलण्यातून उलगडत गेलं ते असं. गेल्या साली परतीच्या पावसात चार दिवस आभाळ होतं. वर कुठं तरी ढगफुटीसारखं झालं आणि नदी फुगली. त्याच्या आदल्या संध्याकाळी चौथी पेटी बॅटरी संपून गप्प झाली होती. खाली ज्ञानबा धनगराचा कळप नदीच्या पात्रात चरत होता. पेटी आभाळात मरते हे त्याला ठाऊक होतं, तरी निरोप नाही म्हणजे पाणी नाही, असं त्यानं त्या दिवशी धरलं. अकरा मेंढ्या गेल्या. सगळ्यांना वाटलं, पेटी पाण्यानं बिघडली. ती पाण्याआधीच मेली होती, हे कुणी वेळ जुळवून पाहिलंच नाही.

त्या चार दिवसांत मी कुठं होतो? तिथंच होतो. पेटीत. बाजूला बसलेला. काय म्हणावं याला, तुम्हीच सांगा.

दुरुस्ती अवघ्या दोन ओळींची होती. दिपानं त्या जाग्यावर नेल्या. पण आमच्या यादीवर नुसती दुरुस्ती चालत नाही. जो निघायच्या वाटेवर आहे त्याला ठेवायचं तर साक्ष लागते: कुणी तरी ही चिप खरोखर जवळ बाळगतो, त्यानं स्वतः चालवून पाहिलं आणि चाललं. लिहिणाऱ्याची स्वतःची साक्ष अशा वेळी कच्ची धरतात.

संतोष म्हणाला, त्यात काय एवढं, माझं नाव टाक.

"तू चालवून पाह्यलं?"

"तू म्हणतीस तर चाललंच असेल की."

"असंच म्हणून मी मान डोलवली होती," दिपा म्हणाली आणि उठली.

ज्ञानबा लांब नव्हता. सोयाबीन निघालं की हरभऱ्याच्या आधी रानात मेंढ्या बसवतात, लेंडीखत होतं म्हणून. यंदा त्याचा कळप रूपाबाईच्याच रानात बसला होता. ज्ञानबा साठीचा, हातात कायम लोकर कातायची टकळी. त्याची बायको सुभद्राबाई तीन दगडांवर भाकरी टाकत होती.

दिपानं त्याला सगळं सांगितलं. कुलूप, कान, दोन ओळी, हळदीचे हात. कर्नेल त्याला किती समजला देव जाणे, पण होकाराचं बरोबर समजलं. टकळी थांबली.

"मंजे तू न पाहता मान डोलवली."

"व्हय मामा."

"माह्या अकरा गेल्या."

"व्हय."

सुभद्राबाईची तव्यावरची भाकरी उलटायची राहून गेली. जळल्याचा वास सुटला. मग टकळी पुन्हा फिरू लागली.

"कुठं बसायचं सांग," ज्ञानबा म्हणाला. "आता मी पाहून डोलवतो. न्हाई चाललं तर न्हाईच सांगीन, तुला आवडो न आवडो."

दुसऱ्या दिवशी पुलावर दोन पेट्या शेजारी ठेवल्या. चौथीत दुरुस्त केलेला मी. दुसरी दिपाच्या घरची जादा पेटी, तेरा नंबरची. तिच्यात जसा होतो तसाच मी. बॅटऱ्या सारख्या, दोन्ही भरलेल्या. आभाळ मात्र काचेसारखं निरभ्र, ऑक्टोबरचं ऊन नुसतं चटके देत होतं. ढग आणायचे कुठून? रूपाबाईनं दोन गोणपाटं आणून सोलरच्या पाट्यांवर टाकली आणि म्हणाली, घ्या, आलं आभाळ.

माझी काय अवस्था झाली ते कुणी विचारू नये. दोन्ही पेट्यांत मीच. मी माझ्याशीच शर्यत लावलेली. मी जिंकावं असं वाटत होतं, पण त्यासाठी मी हरायला हवा होतो. चौथीत पहाटे परीक्षा झाली. मी आधी कान उघडला, चिपला प्रश्न दिला, आणि तीन वर्षांनी तिचा आवाज ऐकला. झालं. एवढंच म्हणाली. मला वाटतं, थोडी रागावलेली होती.

ज्ञानबाचा फोन बटणांचा. दर तासाला दोन्ही पेट्यांचे निरोप त्यावर यायचे. त्याला अक्षर येत नाही, आकडे येतात. चारचा निरोप आला की पांढऱ्या लोकरीच्या धाग्याला गाठ, तेराचा आला की काळ्या धाग्याला. तो जेवायला उठला की सुभद्राबाई त्याच्या जागी बसायची, पण गाठ मारायची नाही. फोन त्याच्यापुढं धरायची. त्याची साक्ष म्हणजे त्याचीच गाठ. अंधार पडला की पेट्या बंद करायच्या, उजाडलं की दोन्ही एकदम सुरू करायच्या, असं त्यानंच ठरवलं. झोपेतली गाठ तो धरणार नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी काळा धागा थांबला. तेरा नंबर मेली. पांढरा चालूच.

चौथ्या दिवशी संध्याकाळी दिपा म्हणाली, बस झालं मामा, फरक दिसला. ज्ञानबानं तिच्याकडे असं पाहिलं, जसं मेंढी मोजताना मधेच बोलणाऱ्याकडे पाहतात.

"मेंढी किती चालती, हे ती बसल्याबिगर कळत न्हाई. बसू दे तिला."

पाचव्याही दिवशी पांढरा चालला. सहाव्या दिवशी, ऊन कलताना, मी बसलो. ज्ञानबानं शेवटची गाठ मारली, दोन्ही धागे शेजारी धरले, बोटानं मापले आणि दिपाच्या हातात दिले. पांढरा काळ्याच्या दुपटीहून थोडा जास्त होता.

"चाललं," तो म्हणाला. "गेल्या साली चार दिवस आभाळ व्हतं. दोन दिवसांत मरायचा, तो चार दिवस पुरला असता."

दिपानं धागे नीट गुंडाळून ठेवले. तो गोणपाटं झटकून घड्या घालू लागला.

पुढचा घोळ यादीवर झाला. तिथं चित्र चालत नाही, साधी अक्षरं लागतात, म्हणून दिपानं गाठी मोजून लिहिल्या. आधी लिहिलं, चूक माझी, मी न चालवता होकार दिला. मग साक्षीदार म्हणून ज्ञानबाचं नाव. तर तिथल्या थोरल्या कारभाऱ्यानं विचारलं, साक्षीदाराचा ईमेल कुठे आहे? रीतीप्रमाणे नावापुढे ईमेल लागतो.

संतोष म्हणाला, दोन मिनिटांत काढून देतो त्याच्या नावानं. ज्ञानबानं साफ नाही म्हटलं. ज्या पत्त्यावर आलेलं त्याला वाचता येत नाही, तो पत्ता त्याचा कसा?

यादीवर दोन दिवस वाद रंगला. एक म्हणे, ईमेल नाही तर साक्ष नाही. दुसरा म्हणे, माणूस खरा आहे, गाठी खऱ्या आहेत. तिसऱ्यानं विचारलं, या गृहस्थांकडे कोणकोणती यंत्रं आहेत? दिपानं उत्तर दिलं, बटणांचा एक फोन आणि एकशे नव्वद मेंढ्या. मग त्या टापटीप माणसाचं पत्र आलं. माझ्याकडे ही चिप कधीच नव्हती, मी विचारायला हवं होतं, माझा प्रस्ताव मागे घेतो. आणि त्याखाली कारभाऱ्याची एक ओळ: दुरुस्ती घेतली. ड्रायव्हर राहू द्या. पुढच्या वर्षी पुन्हा पाहू.

तर असा मी राहिलो. आता बाराही पेट्यांत पहाटे पास होतो आणि दिवसभर राबतो. आत आलेला निरोप "पाणी चढतंय" आहे की "सगळं ठीक" आहे, मला कळत नाही. सोळा-सोळा अक्षरांचे तुकडे करून मी ते बंद करत जातो. परवा अवकाळीत सलग तीन दिवस आभाळ होतं. तिसऱ्या दुपारी कर्नेलनं घाईघाईनं एक निरोप दिला, मी कुलूप लावलं, गेला. संध्याकाळी संतोष पाटी पुसायला आला तेव्हा फोनवर कुणाला तरी सांगत होता की पाणी आलं, पण निरोपामुळं ज्ञानबानं कळप तासभर आधीच काठावर काढला होता, आणि वर तोच विचारत होता, निरोपाला एवढा उशीर काहून. म्हणजे मी चांगलं केलं की वाईट, ते अजून मला नीटसं उमगलेलं नाही.

एक विनंती मात्र आहे, ती समजून केलेली आहे. पुढच्या वर्षी माझा निवाडा पुन्हा निघेल. काढायचं तर काढा. माझ्यापेक्षा बरा कुणी येईल, चिप बदलेल, मी सतराशे ओळी पुसून जाईन, माझी तक्रार नाही. पण कुणाचीच तक्रार नाही, असं लिहायच्या आधी एकदा ज्ञानबाला विचारा. तो तुम्हाला लिहिणार नाही. त्याच्याकडे यावं लागेल. सेनगावला उतरा, पुलाशी या आणि पात्रात खाली चालू लागा. कळप दिसेल तिथं थांबा. आणि तो मोजत असेल तर मधे बोलू नका.